मर्यादित प्रत आणि जबलपूरची एक सही

पॉप कलेच्या चर्चेत मर्यादित आवृत्तीचा प्रश्न निघाला की अँडी वॉरहॉलच्या 1967 मधील मेरिलिन मन्‍रो चित्रमालेचा दाखला ठरलेलाच असतो. दहा स्क्रीन प्रिंट, 250 संच. यंत्राच्या साहाय्याने हवी तितकी काढता आली असती अशा चित्रांची संख्या येथे मुद्दाम गोठवण्यात आली. ठळक आकार आणि भडक सपाट रंग बाजारपेठेतल्या जाहिरातींचे, मालकी मात्र मोजक्यांची, हा त्या कलेतील अंतर्विरोध होय.

जाड रेषेची, जनसामान्यांसाठी केलेली चित्रे भारतात त्याआधीच अवतरली होती. खानदेशातील फैजपूर येथे 1936 साली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट नंदलाल बोस यांनी केली आणि 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी पटचित्रांच्या वळणाची भित्तिपत्रके तयार झाली. शिष्यांनी हातांनी केलेल्या प्रती धरून त्यांची संख्या सुमारे 400 भरते. हे अनेकत्व विक्रीसाठी नव्हते.

याच परंपरेतले जबलपूरचे ब्यौहार राममनोहर सिन्हा (1929–2007). त्यांच्या शहरातील शहीद स्मारकात शांतिनिकेतनच्या कलावंतांची भित्तिचित्रे आहेत, त्यांत सिन्हांचाही हात आहे. परंतु त्यांची सर्वाधिक पाहिली गेलेली कृती म्हणजे राज्यघटनेच्या इंग्रजी उद्देशिकेचे सजवलेले पृष्ठ. अक्षरे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांची, चौकट सिन्हांची. त्या हस्तलिखिताच्या 1000 प्रती देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडियाने फोटोलिथोग्राफीने छापल्या. हीदेखील मर्यादित आवृत्तीच. मात्र येथे संख्येला मर्यादा पडली ती गरजेची, टंचाई निर्माण करण्याच्या हिशेबाची नव्हे. बाजाराने अर्थात पुढे आपला हिशेब मांडलाच: 2024 साली त्यांतील एक प्रत लिलावात 48 लाख रुपयांना गेली.

साहित्याच्या अभ्यासकांचा खरा संबंध येतो तो यापुढे. छापील चित्र हा एक पाठ असतो आणि पाठाला काळ असतो. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आले. सिन्हांच्या चौकटीतला मजकूर साहजिकच 26 नोव्हेंबर 1949 चाच राहिला, तशी तारीखही त्यातच आहे. 2015 च्या प्रजासत्ताकदिनी एका सरकारी जाहिरातीत हे जुने पृष्ठ छापले गेले आणि मोठा वाद उसळला. जाहिरातदाराच्या हेतूचा निवाडा हा पाठचिकित्सेचा विषय नव्हे. पण आपण कोणती आवृत्ती छापत आहोत हे चित्राखाली एका ओळीत सांगितले असते, तर निदान पाठापुरता गोंधळ टळला असता. जुन्या चौकटीत नवे शब्द त्याच वळणाने लिहून घालणे हा याच्या उलट दोष. कायद्याच्या दृष्टीने तो मजकूर बरोबर असेल, परंतु 1949 चे पृष्ठ म्हणून तो प्रक्षेपच होय. पोथीतील अर्ध्या श्लोकाच्या प्रक्षेपासाठी लेखणी झिजवणाऱ्या आपल्या विद्यापीठांना मुद्रित चित्राविषयी ही सावधगिरी का सुचू नये, हे कळत नाही.

सिन्हांच्या त्या पृष्ठाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात देवनागरीत एक लहानसा शब्द आहे: ‘राम’. चौकट कापून मजकूर छापला की तो जातो. राहिला तरी, ज्यांना जबलपूरच्या या चित्रकाराचे नाव ठाऊक नाही ते त्याला देवाचे नाव समजतात. ती चित्रकाराची सही आहे.