ओरॅकलचे ओझे कोणी वाहायचे?

परीक्षेच्या गुणतक्त्यात दोन नोंदी एकमेकींपासून कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या जातात. जो विद्यार्थी वर्गात येऊन बसला आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन गेला, त्याच्या नावापुढे शून्य पडते. जो आलाच नाही, त्याच्यापुढे 'गैरहजर' असे लिहिले जाते. बेरीज दोघांचीही सारखीच, पण अर्थ अगदी निराळा. व्याकरण शिकवतानाही हाच भेद आम्हाला वर्षानुवर्षे समजावून सांगावा लागतो. 'घर पडले' ह्या वाक्यातील 'घर' ला प्रत्यय दिसत नाही, म्हणून त्याला विभक्तीच नाही असे म्हणता येत नाही. तिथे शून्य प्रत्यय आहे, आणि शून्य असणे म्हणजे नसणे नव्हे.

ओरॅकल ह्या जगप्रसिद्ध व्यापारी डेटाबेसला हा भेद मान्य नाही. एखाद्या रकान्यात मुद्दाम रिकामा मजकूर ठेवला, तर 'येथे काही नोंदच नाही' अशीच समजूत तो करून घेतो. कोरी उत्तरपत्रिका आणि गैरहजर विद्यार्थी त्याच्या लेखी एकच. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही मुक्त डेटाबेसे असे करत नाहीत. ओरॅकलची बाजू घ्यायची तर एवढे म्हणता येईल, की त्याचे पहिले उत्पादन १९७९ सालचे आणि एसक्यूएल ह्या भाषेचे पहिले प्रमाणीकरण १९८६ चे. म्हणजे सवय आधी लागली आणि नियम नंतर आला. खुद्द कंपनीची कागदपत्रेही सांगत आली आहेत, की पुढे हे बदलू शकेल, त्यावर विसंबू नका. तरी ते बदललेले नाही. हजारो ग्राहकांच्या आज्ञावली त्या सवयीवर उभ्या असताना ते सोपेही नाही.

मराठीच्या प्राध्यापकाने ह्यात नाक का खुपसावे, हा प्रश्न रास्त आहे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या महाविद्यालयात 'मूडल' आले. मार्टिन डुगियामस ह्यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे सुरू केलेली आणि २००२ साली पहिली आवृत्ती निघालेली ही अध्यापनाची मुक्त प्रणाली. प्रश्नपत्रिका, स्वाध्याय, हजेरी सारे तिच्यावर. मी तिच्यात भाषाविज्ञानाच्या चाचण्या घालू लागलो तेव्हा सूचना देणाऱ्या एका चौकटीत मजकुराची मर्यादा १३३३ अक्षरे अशी दिसली. हजार नाही, दीड हजार नाही, हा १३३३ आकडा कुठून आला? माझा एक जुना विद्यार्थी आता संगणकक्षेत्रात आहे. त्याने मला मूडलचा उघडा असलेला स्रोत दाखवला आणि उत्तर सापडले. ओरॅकलच्या साध्या मजकुराच्या रकान्यात पूर्वापार ४००० बाइट मावत. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ ह्या पद्धतीत तीन लागतात. चार हजार भागिले तीन, म्हणजे १३३३. (जोडाक्षरांचे हाल ह्याहून वाईट. 'क्षि' मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट.) आमच्या महाविद्यालयात ओरॅकल नाही. तरीही त्याची मर्यादा आमच्या चौकटीपर्यंत आली होती.

त्याच स्रोतात कोऱ्या उत्तरपत्रिकेचीही गोष्ट सापडली. रिकामा मजकूर ओरॅकलकडे पाठवायचा असेल तेव्हा मूडल त्याच्या जागी गुपचूप एक मोकळी जागा, म्हणजे स्पेसपट्टीचा एक ठोका, भरत असे. परत वाचताना ती एकाकी मोकळी जागा दिसली, की तिला पुन्हा रिकामे करून पुढे देत असे. हे काम करणाऱ्या भागाला ते लिहिणाऱ्यांनी नाव दिले होते 'ओरॅकल डर्टी हॅक'. त्या नावात वैताग आहे आणि प्रामाणिकपणाही आहे. आपण करतो आहोत ती डागडुजी आहे, हे त्यांनी लपवले नाही. शिवाय ओरॅकलमध्ये नावे तीस अक्षरांपेक्षा लांब चालत नसत (ही अट २०१७ च्या सुमारास सैल झाली), म्हणून जगभर मूडलसाठी जोडभाग लिहिणाऱ्या प्रत्येकाला रकान्यांची नावे तिसांच्या आत कोंबावी लागत, मग त्याने जन्मात ओरॅकल पाहिलेले नसो.

'आमची प्रणाली अमुक इतक्या डेटाबेसवर चालते' असे वाक्य उदार वाटते. पण त्या यादीतील प्रत्येक नाव हे रोजचे काम असते, आणि ते काम नाव वाचणारा करत नाही. मीडियाविकी हे त्याचे आणखी स्वच्छ उदाहरण. आपला मराठी विकिपीडिया २००३ पासून ह्याच प्रणालीवर उभा आहे. विकिपीडियाला स्वतःला ओरॅकलची गरज कधीच नव्हती. तो मायएसक्यूएलवर वाढला आणि २०१३ पासून मारियाडीबीकडे वळला. पण इतर कोणी संस्था आपल्या अंतर्गत ज्ञानकोशासाठी मीडियाविकी वापरील आणि तिच्याकडे ओरॅकल किंवा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल, म्हणून त्यांचीही सोय ठेवलेली होती. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा, की कोष्टकांचा आराखडा पाच वेगवेगळ्या प्रतींत लिहिलेला. एका कोष्टकात एक रकाना वाढवायचा तर पाच ठिकाणी बदल. मुख्य प्रत ज्यांना पगार आहे त्यांच्या हातची. ओरॅकलची प्रत मात्र कोणा स्वयंसेवकाच्या सवडीची. तो नोकरीत गुंतला, घरी आजारपण आले, किंवा नुसता कंटाळला, की ती प्रत मागे पडे. यादीत नाव तसेच राही. नवी आवृत्ती बसवणाऱ्याला अर्ध्या वाटेत कळे, की हा पूल मधेच संपतो.

अखेर २०१९ च्या डिसेंबरात निघालेल्या १.३४ ह्या आवृत्तीतून ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर दोन्ही वगळली गेली. मूडलने ओरॅकलपुरते हेच पाऊल एप्रिल २०२५ मध्ये ५.० ह्या आवृत्तीत उचलले. मूडलच्या मागे एक कंपनी आहे, पगारी माणसे आहेत, म्हणून तिथे ओझे जास्त वर्षे वाहिले गेले एवढाच फरक. मला हे दोन्ही निर्णय योग्य वाटतात. आणि जे त्यांना मुक्त चळवळीचा संकोच म्हणतात त्यांच्याशी माझे भांडण आहे.

ओरॅकलच्या एंटरप्राइज आवृत्तीची यादीतील किंमत दर प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर अशी अनेक वर्षे छापली जात आली आहे. सवलती मिळत असतील. तरी जो ग्राहक त्या यादीच्या आसपास वावरतो त्याच्या सोयीसाठी कोणीतरी रविवारी दुपारी फुकट राबावे, ही अपेक्षा मला अनैतिक वाटते. मुक्त स्रोताच्या स्वयंसेवेत एक मूक करार असतो, की मी माझी गरज भागवताना तुझीही भागली तर भागो. इथे तो करार उलटा झाला. राबणाऱ्याला ओरॅकलची गरजच नव्हती. ज्याला होती, त्याने डेटाबेसला पैसे मोजले आणि प्रणालीला एक माणूसही दिला नाही. चाचणीसाठी ओरॅकलची छोटी मोफत आवृत्ती मिळते हे खरे; पण यंत्र फुकट मिळाल्याने त्याच्यासमोर बसणाऱ्याचे तास फुकट होत नाहीत. लघुनियतकालिके चालवलेल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. कागदाचे पैसे कसेही उभे राहतात, मुद्रिते तपासायला कोणी येत नाही.

प्रतिपक्षात एक मुद्दा वजनदार आहे. ओरॅकल वापरणारा प्रत्येक जण श्रीमंत आणि उद्दाम नसतो. एखाद्या विद्यापीठाने पंधरा वर्षांपूर्वी प्रवेश आणि निकाल ह्यांच्यासाठी ते घेतलेले असते. परवाना चालू आहे, त्यात तरबेज झालेले दोनच कर्मचारी आहेत, आणि वरून आदेश असतो की नवे काहीही घ्याल ते ह्याच डेटाबेसवर. त्या दोघांनी हा निर्णय घेतलेला नसतो, आणि आधार काढून घेतल्यावर रात्री जागावे लागते ते त्यांनाच. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण त्यांचे दुःख दूर करण्याची जबाबदारी दूरदेशीच्या अनोळखी स्वयंसेवकावर टाकली, की तो आदेश देणारा नामानिराळा राहतो. यादीतून नाव गेल्यावर निदान त्याच्या टेबलावर एक कागद जातो.

दुसरा मार्ग आहे का? आहे. पायथनमधील जँगो ह्या प्रणालीच्या गाभ्यात ओरॅकल आजही आहे. पण तिथे देणग्यांतून २०१४ पासून पगारी देखभाल करणारी माणसे नेमली जातात, त्यामुळे ओझे एकट्याच्या खांद्यावर पडत नाही. एसक्यूएल सर्व्हर मात्र जँगोच्या गाभ्यात नाही. त्याचा जोडभाग बाहेरच्या स्वयंसेवकांनी कसाबसा जगवला, आणि २०२१ साली मायक्रोसॉफ्टने स्वतः ते काम हाती घेतले. ज्याच्या डेटाबेसचा धंदा, त्याने जोडणीची निगा राखावी, ही वाटणी मला न्याय्य दिसते. स्वयंसेवकांचे काम दार नीट ठेवण्याचे. बाहेरच्याने आपला जिना लावावा. मीडियाविकीने पुढे आराखडा एकदाच लिहून त्यावरून निरनिराळ्या डेटाबेसांच्या प्रती यंत्राकडून काढण्याची जी सोय केली, ती अशा दाराचीच होती. दरम्यान पीएचपी ह्या भाषेनेही ८.४ ह्या आवृत्तीपासून, २०२४ च्या अखेरीस, ओरॅकलशी बोलणारा आपला भाग मूळ गठ्ठ्यातून बाहेर काढून वेगळा ठेवला.

आता ह्यातला विनोद पाहा. ओरॅकल सोडून जे 'मुक्त' मायएसक्यूएल घ्या म्हणून सांगितले जाते, ते २०१० च्या जानेवारीपासून ओरॅकल कंपनीच्याच मालकीचे आहे. सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेताना ते तिच्या पदरात पडले. ही शक्यता दिसताच मूळ निर्माते मायकेल विडेनियस ह्यांनी २००९ मध्ये त्याची मुक्त शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचे नाव दिले, मारिया. थोरलीचे नाव 'मी'. मायएसक्यूएलमधील 'माय' तेच. म्हणजे थोरलीच्या नावाचा डेटाबेस आता त्याच घरी नांदतो आहे, ज्याच्या थोरल्या उत्पादनाला स्वयंसेवक निरोप देत आहेत. फरक इतकाच, की मायएसक्यूएलचा स्रोत उघडा आहे, तो न पटला तर शाखा काढता येते.

मूडलवर ओरॅकल चालवणाऱ्या संस्थांना थोडी मुदत आहे. त्यांना चालणारी शेवटची आवृत्ती ४.५, आणि तिच्या सुरक्षादुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळायच्या आहेत. तोवर त्यांना सगळी माहिती दुसऱ्या डेटाबेसात हलवावी लागेल. हलवताना त्या लाखो एकेकट्या मोकळ्या जागा पुन्हा रिकाम्या होतील. त्यांतली एखादी कोणा विद्यार्थ्याने उत्तराच्या चौकटीत खरोखरच स्पेसपट्टी दाबून ठेवलेली असेल, तर तीही त्यांच्यात जाईल. मूडलला ती ओळखता येणार नाही, कारण ओळखण्याची खूण पहिल्याच दिवशी डागडुजीत खर्च झाली.