विद्येचे हंगामी मेळे आणि दारावरचा पहारा

दरवर्षी थंडीचा कडाका ओसरू लागला की, विद्यापीठांतील पदव्युत्तर विभागांच्या सूचनाफलकांवर परदेशांतील उन्हाळी शाळांची माहितीपत्रके दिसू लागतात. कोठे इटलीतील सरोवराकाठी दोन आठवडे, तर कोठे आल्प्सच्या उतारावर महिनाभर. विषयही भाषाशास्त्रापासून विश्वरचनाशास्त्रापर्यंत पसरलेले. ‘शाळा’ हा शब्द मराठी कानाला बालवर्गाची आठवण करून देतो. येथे मात्र बाकांवर बसतात ते एम.एस्सी., एम.ए. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी, आणि फळ्यापाशी उभे राहतात ते त्या त्या विषयातील अग्रणी. परीक्षेचे दडपण नाही आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाईही नाही. ज्ञानाची देवघेव हा एकच उद्देश. चित्र मोठे मनोहर आहे. परंतु या मेळ्यात प्रवेश कोणाला मिळतो, खर्च कोण करतो आणि दार कोणासाठी बंद होते, हे प्रश्न विचारू लागले म्हणजे चित्राचे रंग बदलू लागतात.

एकटेपणावरचा उतारा

या संस्थेचा उगम चैनीत नाही, तर अभावात आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील विद्यापीठे आधुनिक भौतिकीत मागे पडली होती. पुंजयामिकीसारखा विषय तेथील विद्यार्थ्यांना नीट शिकायला मिळत नव्हता. त्या वेळी सेसिल मोरेट या तिशीही न गाठलेल्या विदुषीने १९५१ मध्ये मों ब्लांच्या परिसरातील ले झूश या डोंगरी खेड्यात एक उन्हाळी शाळा सुरू केली. विद्यापीठांची जुनी चौकट मोडणे तिच्या हाती नव्हते. म्हणून तिने चौकटीबाहेर एक पडवी उभी केली. त्या पडवीत प्रारंभीच्या वर्षांत बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी प्येर-जिल द जेन, जॉर्ज शारपाक आणि क्लोद कोएन-तानूजी हे पुढे अनुक्रमे १९९१, १९९२ आणि १९९७ या वर्षी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. इटलीच्या भौतिकी परिषदेने १९५३ पासून कोमो सरोवराकाठी व्हारेना येथे असाच उपक्रम आरंभिला. १९५४ च्या उन्हाळ्यात खुद्द एन्रिको फर्मी तेथे शिकवीत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले, आणि शाळेला पुढे त्यांचे नाव मिळाले.

युरोपचा अभाव युद्धाने निर्माण केला होता. आशिया-आफ्रिकेचा अभाव त्याहून जुना आणि खोल होता. त्याची जाणीव जगाला करून दिली ती अब्दुस सलाम यांनी. केंब्रिजमध्ये नावलौकिक मिळवून हा तरुण १९५१ मध्ये लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात परतला. तेथे संशोधनाची अपेक्षा कोणीच ठेवली नव्हती. फावल्या वेळात वसतिगृहाची देखरेख, हिशेबनिसाचे काम किंवा फुटबॉल संघ यांपैकी एक जबाबदारी निवडण्यास त्यांना सांगण्यात आले, आणि त्यांनी फुटबॉल पत्करला. वोल्फगांग पाउली मुंबईत आले असता त्यांना भेटण्यासाठी सलाम लाहोरहून मुंबईला गेले. परतल्यावर परवानगीवाचून गैरहजर राहिल्याबद्दल त्यांच्यावर ठपका आला. हे किस्से सलाम यांनीच पुढे सांगितले. सरकारी महाविद्यालयात नोकरी केलेल्या कोणाही मराठी प्राध्यापकाला त्यांत अपरिचित असे काही वाटणार नाही. १९५४ मध्ये सलाम यांनी देश सोडला. आपल्या विषयात बोलायला कोणी नाही, हे एकटेपण माणसाची बुद्धी कशी गंजविते, हे त्यांनी अनुभवले होते. देशांतर आणि गंज यांवाचून तिसरा मार्ग असावा, या तळमळीतून त्यांनी १९६० मध्ये व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे एका केंद्राची कल्पना मांडली.

श्रीमंत राष्ट्रांनी नाके मुरडली. सैद्धांतिक भौतिकी ही विद्याशाखांतील रोल्सरॉइस आहे, गरीब देशांना बैलगाडी पुरेशी आहे, अशा आशयाचा युक्तिवाद तेव्हा झाल्याचे सलाम सांगत असत. तथापि इटलीच्या पाठबळाने १९६४ मध्ये त्रिएस्त येथे हे केंद्र उभे राहिले. विकसनशील देशांतील प्राध्यापकाने आपल्याच देशात नोकरी करावी, मात्र ठरावीक वर्षांत काही वेळा तेथे येऊन दोन-तीन महिने राहावे, वाचावे, चर्चा करावी आणि परत जावे, अशी सहयोगी-सदस्यत्वाची योजना सलाम यांनी आखली. तेथील शाळांना नोंदणी शुल्क नाही. गरीब देशांतील अनेकांचा प्रवास व राहणे यांचा भारही केंद्रच उचलते. आज सलाम यांचे नाव धारण करणाऱ्या त्या केंद्रात गेल्या सहा दशकांत भारतातील विद्यापीठांतून गेलेल्या अध्यापकांची संख्या लहान नाही.

मेळ्यातून काय साधते

आता तर ही व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. मग एवढा खर्च व दगदग कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. प्रश्न रास्त आहे. २०२० च्या महासाथीत बहुतेक सर्व शाळा पडद्यावर भरल्या आणि ऐकणाऱ्यांची संख्या वाढली, हेही खरे. परंतु व्याख्यान ऐकणे आणि विद्या हस्तगत करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ पासून पुण्यात वसंत व्याख्यानमाला चालत आली आहे. ऐकण्याची परंपरा मराठी समाजाला नवी नाही. मात्र व्याख्यानमालेचा श्रोता टाळ्या वाजवून घरी जातो. उन्हाळी शाळेच्या श्रोत्याला घरी जाता येत नाही. सकाळी ऐकलेले दुपारी गणिते सोडवून तपासावे लागते. न सुटलेले गणित रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर व्याख्यात्यापुढेच मांडता येते. ग्रंथात जे लिहिलेले नसते, म्हणजे कोणता प्रश्न धरण्यासारखा आहे आणि कोणता सोडून देण्यासारखा, कोणत्या वाटेने गेलेले हात हलवीत परत आले, हे शहाणपण अशा सहवासातच मिळते. आपल्या जुन्या गुरुकुलांचे आणि संगीतातील घराण्यांचे बळ याच सहवासात होते.

कधी कधी तर शाळेतच नवे ज्ञान जन्माला येते. १९७२ च्या उन्हाळ्यात ले झूश येथे कृष्णविवरांवर शाळा भरली होती. तेथे जेम्स बार्डीन, ब्रँडन कार्टर आणि स्टीफन हॉकिंग यांनी एकत्र बसून कृष्णविवरांच्या यामिकीचे चार नियम सिद्ध केले. शिकवायला आलेली माणसे स्वतःच शिकत होती. पगार, पद आणि परीक्षा यांच्या तावडीतून सुटलेल्या काही आठवड्यांचे मोल यावरून कळते.

दारावरचे पहारेकरी

मात्र या मेळ्यांना राजकारणाचा स्पर्श कधी झालाच नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नाटोने १९५८ मध्ये विज्ञान समिती स्थापन केली आणि पुढे पश्चिम युरोपातील कित्येक उन्हाळी शाळा त्या लष्करी संघटनेच्या पैशावर पोसल्या गेल्या. १९७२ मध्ये अँटवर्प येथील गणिताच्या शाळेत अलेक्सांद्र ग्रोथेंडिक या थोर गणितज्ञाने याच कारणासाठी उघड निषेध नोंदविला. गणित निष्पाप असले तरी त्याचा यजमान निष्पाप असतोच असे नाही, हा त्याचा मुद्दा होता. पारडे उलट बाजूनेही झुकते. युक्रेनवरील आक्रमणानंतर जिनिव्हाच्या सर्न या संस्थेने रशियाशी असलेला सहकार्य करार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपुष्टात आणला. आक्रमणाचा निषेध योग्यच होता. तरीही त्याची किंमत ज्यांनी युद्ध पुकारले नाही, अशा तरुण संशोधकांनाही मोजावी लागली. जून २०२५ मध्ये अमेरिकेने बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, आणि त्याच सुमारास नव्या विद्यार्थी-व्हिसांच्या मुलाखती जगभर काही आठवडे थांबविल्या. ज्याची निवड गुणवत्तेवर झाली, तो पारपत्राच्या रंगावर नापास झाला.

दुसरा पहारेकरी पैशाचा आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ मध्ये ८० वरून ९० युरो झाले. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. शिवाय ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेतील शिलकेचा दाखला आणि परतीच्या प्रवासाची तजवीज दाखवावी लागते. भारतात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ मध्ये दरमहा ३७ हजार रुपये झाली. ती ज्यांना मिळते ते सुदैवी. ज्यांना ती नाही, असे राज्य विद्यापीठांतील संशोधक तासिका तत्त्वावर शिकवून पोट भरतात. त्यांच्या दृष्टीने या अटी म्हणजे न बोलता दिलेला नकारच होय.

त्यात आता या मेळ्यांचा बाजार होऊ लागला आहे. नामांकित विद्यापीठे सुटीत रिकामी पडणारी वर्गगृहे व वसतिगृहे भाड्याने द्यावीत तशी तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमांसाठी हजारो पौंड आकारतात. त्यांतील शिक्षण निकृष्ट असते असे नाही; पण निवडीची कसोटी बुद्धीकडून खिशाकडे सरकते, हे नाकारता येत नाही. त्याहून खालच्या पायरीवर, शुल्क भरा व प्रमाणपत्र घ्या, असा निव्वळ व्यापार चालतो. सलाम यांनी ज्या रोगावर औषध शोधले, त्याच औषधाच्या बाटलीवर आता श्रीमंतांसाठी असे लिहिले जाऊ लागले, तर तो दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

आपल्याकडील वाट

यावर उपाय कोणता? दुसऱ्याच्या दारी ताटकळण्यापेक्षा आपले दार उघडणे, हाच खरा उपाय. त्याची परंपरा आपल्याकडे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६१ मध्येच बंगलोर येथे सैद्धांतिक भौतिकीची उन्हाळी शाळा भरवून मरे गेल-मान व रिचर्ड डॅलिट्झ यांना व्याख्यानांसाठी पाचारण केले होते. त्याच संस्थेने २००७ मध्ये स्थापिलेले आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र आज बंगळुरूमध्ये वर्षभर असे वर्ग भरविते. पुण्यात जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये उभारलेल्या आयुकाचा तर मूळ हेतूच विद्यापीठांतील एकाकी संशोधकाला हक्काचे घर देणे हा होता. मुंबई विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक एस. कुमरेसन यांच्या पुढाकाराने १९९३ पासून सुरू झालेल्या गणित प्रशिक्षण व प्रज्ञाशोध कार्यक्रमाने साध्यासुध्या महाविद्यालयांतील शेकडो मुलांना, उत्तर पाठ करण्याऐवजी प्रश्न विचारण्याची सवय लावली. एवढ्या थोड्या पैशात एवढे मोठे काम क्वचितच झाले असेल.

मग अडते कोठे? एक तर शासनाची दृष्टी वरून खाली पाहणारी आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने परदेशी अध्यापकांना निमंत्रित करण्याची ‘ज्ञान’ योजना आखली. एका आठवड्याच्या वर्गासाठी ८ हजार व दोन आठवड्यांसाठी १२ हजार डॉलर एवढे कमाल मानधन ठरले. एक विद्यार्थी बाहेर धाडण्यापेक्षा एक गुरू शंभरांपुढे आणावा, हा विचार स्तुत्य होता. परंतु पाहुणे बव्हंशी उतरले ते आयआयटी व तत्सम केंद्रीय संस्थांत, जेथे एकटेपणाचा रोग मुळातच सौम्य आहे. दुसरे म्हणजे, शासनाचा संशय. जानेवारी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांसाठीही पूर्वपरवानगी घेण्याचा आदेश निघाला. वैज्ञानिकांच्या निषेधानंतर तो पुढच्याच महिन्यात मागे घेण्यात आला. पण त्यामागची वृत्ती मागे घेतली गेली काय, हे सांगणे कठीण आहे. पाश्चात्त्यांच्या व्हिसा-खिडकीविषयी तक्रार करणाऱ्याने आपल्या खिडकीची कडी किती घट्ट आहे, तेही तपासून पाहावे. आणि तिसरे म्हणजे, उन्हाळी वर्ग या शब्दाचेच आपल्याकडे झालेले अवमूल्यन. अध्यापकाच्या लेखी तो पदोन्नतीच्या अर्जास जोडावयाचा कागद आहे. हजेरी लागली की विद्या आली, असा हिशेब एकदा रूढ झाला म्हणजे वक्ता घड्याळ पाहतो आणि श्रोता प्रमाणपत्राची वाट पाहतो.

राज्य विद्यापीठांनी मनावर घेतले तर थोडक्यात पुष्कळ साधण्याजोगे आहे. निसर्गाने महाराष्ट्राला एक सवलत दिली आहे. युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांची नाताळची सुटी आणि आपल्याकडील सुखद हिवाळा एकाच वेळी येतात. परदेशांत शिकवणारे कितीतरी मराठी प्राध्यापक त्या दिवसांत घरी येतात. त्यांना सत्काराची शाल देऊन परत पाठविण्याऐवजी कोल्हापूर, नांदेड, जळगाव वा अमरावती येथे दोन आठवडे फळ्यापाशी उभे करावे. पुण्याजवळील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने दाखविले आहे की, जगाने यावे असे काही आपल्या ग्रामीण भागातही उभे राहू शकते. पश्चिम घाटाची जीवसृष्टी आणि दख्खनचा बेसाल्ट हे तर असे विषय आहेत की, त्यांची शाळा भरायची तर ती येथेच भरली पाहिजे. त्या वर्गांत निम्म्या जागा लहान गावांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना द्याव्यात, आणि उरलेल्यांत नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश व आफ्रिकेतील तरुणांना आग्रहाने बोलवावे. राहण्या-जेवण्याला वसतिगृह पुरे. पंचतारांकित सभागृहाची गरज नाही. आणि अशा वर्गास जाऊ इच्छिणाऱ्या अध्यापकाचा रजेचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरता कामा नये, एवढी तजवीज कुलसचिवांनी करावी.

लाहोरच्या त्या महाविद्यालयाने एका थोर बुद्धिमंताला फुटबॉलचा संघ सांभाळायला दिला आणि मुंबईची वारी केल्याबद्दल जाब विचारला. परिणामी तो देशाला मुकला. अशी महाविद्यालये सीमेच्या याही बाजूला आहेत. आज त्यांतील एखाद्या खोलीत कोणी तरुण अध्यापक उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याआड आपले अर्धे सुटलेले समीकरण जपून ठेवीत असेल. त्याने परदेशी जावे की येथेच गंजावे, या दोहोंतच निवड करण्याची पाळी त्याच्यावर पुन्हा आणावयाची काय, याचे उत्तर परदेशी वकिलाती देणार नाहीत. ते आपल्या विद्यापीठांनीच द्यावयाचे आहे.