ओसाड माळ आणि न ऐकलेल्या हाका

‘ओसाड माळ’ हे दोन शब्द मराठी लेखनात इतके एकजीव झाले आहेत की, माळ म्हटला की ओसाड हे विशेषण जणू आपोआप उमटते. माझ्या मते हे वर्णन नव्हे, निवाडा आहे. आणि तो साक्षीपुरावा न तपासता, बहुधा दिवसाउजेडी दिला गेला आहे. रात्रीच्या साक्षीदारांना कोणी बोलावलेच नाही. त्यांपैकी एक साक्षीदार म्हणजे वटवाघूळ.

वटवाघळांच्या सर्वेक्षणाशी साहित्याच्या अभ्यासकाचा काय संबंध, असा प्रश्न पडेल. संबंध पद्धतीचा आहे. जगात वटवाघळांच्या १४००हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांचा. त्या मोजण्याची जुनी रीत म्हणजे संध्याकाळी बारीक धाग्याचे जाळे उभारणे. दाट जंगलात, पाणवठ्यावर ती उपयोगी पडते. परंतु उघड्या माळावर झेप जाळ्याच्या कितीतरी वरून जाते. जाळे रिकामे राहते आणि नोंदवहीत लिहिले जाते : जाती कमी.

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कीटकभक्षी वटवाघळांच्या बहुतेक हाका त्यापलीकडच्या असतात. १९३८ साली डोनाल्ड ग्रिफिन आणि जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी हार्वर्डमध्ये त्या प्रथम यंत्राने टिपल्या. आज असे यंत्र रात्रभर माळावर ठेवले, तर जाळ्याने ‘नाही’ म्हटलेल्या जागी ये-जा नोंदली जाते. मात्र यंत्रही सर्वज्ञ नाही. काही जाती अगदी दबक्या आवाजात हाका घालतात, तर बहुतेक फलाहारी वटवाघळे डोळ्यांवर आणि नाकावर विसंबतात; ती यंत्राला सापडत नाहीत. तेथे पुन्हा जाळे लागते, गुहेच्या तोंडाशी बसून बाहेर पडणाऱ्यांची मोजदाद लागते. एकाच समीक्षापद्धतीने सारे वाङ्मय वाचू पाहणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. जे सापडले नाही ते नव्हतेच, असे म्हणण्याआधी आपण कशाने शोधले, हे सांगावे लागते.

गुहा आणि माळ यांची फारकत हीदेखील आपलीच. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील हनुमनहळ्ळीच्या खडकाळ टेकडीतील एका गुहेत कोलारचे पर्णनासिक वटवाघूळ राहते. १९९४ साली त्याचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन झाले. पूर्वी ते शेजारच्या थेरहळ्ळीतही होते. पुढच्या सर्वेक्षणांत तेथे आढळले नाही. आता साऱ्या जगात त्याची ज्ञात वस्ती ही एकच, आणि संख्या दोनशेच्या आत. ग्रॅनाइटच्या खाणींनी या टेकड्या पोखरल्या. पण समजा, गुहा वाचवली आणि भोवतीचे झुडपी रान गेले, तर? गुहा हे दिवसाचे घर. पोट भरते ते बाहेर. निवाऱ्याला संरक्षण देऊन चराईला ‘पडीक’ ठरवणे म्हणजे घर राखून चूल विझवणे.

आणि ‘पडीक’ हा शब्द केवळ बोलण्यातला नाही. केंद्र शासनाच्या २०१९च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तर फलाहारी वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीला बसवून ‘उपद्रवी’ म्हटले होते. ती अनुसूची २०२२च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे एक शब्द पुसायला पन्नास वर्षे लागली.

येथे आपला विषय थेट येतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, चरित्रे, ओव्या, दैवतकथा, वनस्पतींच्या उल्लेखांसाठी तपासले. त्यांत ४४ रानवनस्पती सापडल्या. सुमारे दोन तृतीयांश माळरानाच्या. पश्चिम महाराष्ट्रातील माळ हे तोडलेल्या जंगलाचे अवशेष नसून किमान साडेसातशे वर्षांचे भूदृश्य आहे, असा त्याचा निष्कर्ष. आपण ज्या संहिता ‘भक्ती’ आणि ‘शैली’ एवढ्यासाठीच शिकवत होतो, त्यांत ही साक्ष पडून होती. ती वाचायला वनस्पतिशास्त्राचा माणूस यावा लागला, याची थोडी खंत आपल्याला वाटावी.

वटवाघळांबाबत तेवढेही झालेले नाही. वटवाघूळ, वाघूळ, पाकोळी एवढ्या शब्दांत आपण सारे आटोपतो. त्यातही ‘पाकोळी’ कधी पक्षी, तर कधी लहान वटवाघूळ. मेंढपाळांकडे, गडाच्या पायथ्याच्या वस्त्यांत याहून बारकाईचे शब्द आहेत काय? आपले विद्यार्थी त्याच गावांतून येतात. बोलींच्या प्रकल्पात हा एक प्रश्न घालायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. तोवर निदान निबंध तपासताना ‘ओसाड माळ’ आला, तर समासात एक प्रश्नचिन्ह काढावे.