चूर्णाची मुदत आणि ओला चमचा

वनस्पतीजन्य औषध कधी खराब होत नाही, हा समज घातक आहे. मुळे, साली, फळे यांच्याबरोबर मातीतले जिवाणू आणि बुरशीचे बीजाणूही येतात. वाळवण कच्ची राहिली की बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. ते उकळूनही पुरते नष्ट होत नाही.

आयुर्वेदाला हे नवे नाही. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधर संहिता सांगते. आसव मात्र जुने चांगले मानते. आसवात मद्यार्क असतो, चूर्णाला तसे संरक्षण नसते. आजच्या नियमांत चूर्णाची मुदत २ वर्षे आहे, पण ती बंद डब्याची. पावसाळ्यात त्यात ओला चमचा गेला की छापील तारखेला अर्थ उरत नाही.

मानकांनुसार एका ग्रॅममध्ये एकूण जिवाणू १ लाखाच्या आत हवेत, ई. कोलाय, साल्मोनेला मुळीच नकोत. ही तपासणी प्रत्येक बॅचची व्हावी. सुट्या चूर्णाच्या पुडीवरही दळल्याची तारीख हवी. आणि कुबट वास आलेले, गाठी झालेले चूर्ण घरात ठेवू नये. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी आहे, त्या रुग्णाला ते सर्वांत महागात पडते.