कॉम्प्युटर भंगार झाला नाही राजेहो, त्याची मुदत कंपनीने संपवली!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन सुरू राहते, पण सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट बंद. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर टीपीएम २.० चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा पाहिजे. २०१७ च्या आधीचे बहुतेक कॉम्प्युटर इथंच बाद! मुदतवाढ विकत मिळते म्हणा, पण संस्थांसाठी तीही ऑक्टोबर २०२८ पर्यंतच.

आता सांगा, आपल्या घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळा, ग्रामपंचायती, पंचायत समिती, नगरपरिषद इथं अशी मशीन किती? त्यांचं काय करायचं ठरलं? मला दोनच शक्यता दिसतात. एक तर ती तशीच चालत राहतील आणि तुमचे-आमचे दाखले, आधार नंबर, बँक खाती उघड्या दारात पडून राहतील. नाही तर निर्लेखनाचा प्रस्ताव, नवं टेंडर, नवी खरेदी. पैसा कोणाचा? तुमचा-माझा.

तिसरा रस्ता आहे, आणि तो फुकट आहे. उबुंटू २४.०४ एलटीएस. एलटीएस म्हणजे दीर्घ मुदतीचा सपोर्ट. एप्रिल २०२४ ला आलेल्या या आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. चार जीबी रॅम आणि २५ जीबी जागा असली की भागतं. मशीन त्याहून जुनी असेल तर त्याच पायावर बांधलेली लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, तिलाही २०२९ पर्यंत सपोर्ट आहे.

हे हवेतलं बोलणं नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून याच रस्त्यानं चालल्यात. तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये उबुंटू १८.०४ एलटीएसवर शाळांसाठी स्वतःची आवृत्ती बांधली, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरसाठी. मल्याळम लिहायची सोय, अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअर, सगळं आधीच भरलेलं. लायसन्सचे ३,००० कोटी वाचले, असा त्यांचा दावा. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात! आणि आपण?

काम किती? आठ जीबीचा पेन ड्राइव्ह, इंटरनेट आणि एक दुपार. आधी सगळ्या फायलींचा बॅकअप घ्या. मग पेन ड्राइव्हवरूनच 'ट्राय' करून वायफाय, प्रिंटर, आवाज तपासा. डिस्कला हातही लागत नाही. जमलं तरच इन्स्टॉल. नंतर मराठी भाषा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, लिब्रेऑफिस, जिओजेब्रा टाका. एक मशीन नीट तयार झाली की तिचीच प्रतिमा बाकीच्या मशीनवर उतरवायची. गावातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा हे करू शकतो. मुंबईचा ठेकेदार कशाला?

अडचणी आहेत, लपवत नाही. काही डिजिटल सहीचे टोकन, अंगठ्याची मशीन विंडोजवरच नीट चालतात. जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली युनिकोडमध्ये बदलाव्या लागतील. ठीक आहे, सहीसाठी आणि अंगठ्यासाठी लागेल तेवढी एखादी मशीन विंडोज ११ ची ठेवा. पण पाचवीतल्या पोराला टायपिंग शिकायला, गणिताची आकृती काढायला, शिपायाला पत्र छापायला विंडोजच कशाला पाहिजे?

'लोकांना सवय नाही' हे कारण तर सांगूच नका. बटनाचा फोन सोडून अँड्रॉइड घेताना आपल्या म्हाताऱ्यांनी कोणता कोर्स केला होता? आणि अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे.

केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. त्यामुळे मागण्या तीनच :

१) तालुक्यातल्या सरकारी कॉम्प्युटरची यादी जाहीर करा : कोणत्या सालचं मशीन, त्यात काय टाकलेलं.
२) लिनक्स टाकून पाहिल्याशिवाय, निव्वळ विंडोज ११ चालत नाही म्हणून एकही मशीन निर्लेखित करू नका.
३) पहिल्या टप्प्यात पाच शाळा घ्या, शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या आणि वर्षभरानं हिशेब मांडा.

पोस्ट लाइक करून सोडू नका राजेहो. येत्या ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं आपल्याकडे हवेत जाते.