शापो, हॅट्स ऑफ आणि मानलं

सायकल शर्यतींचे इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांना 'शापो' हा उद्गार परिचित असेल. एखादा स्वार अवघड घाट एकट्याने चढून जातो, किंवा आपण जिंकणार नाही हे ठाऊक असूनही अखेरपर्यंत झुंजतो, तेव्हा समालोचक त्याच्याविषयी एवढाच एक शब्द उच्चारतो. फ्रेंच भाषेत शापो म्हणजे हॅट. 'तुमच्यापुढे मी हॅट काढतो' या वाक्यातले बाकी सारे गळून गेले आणि नुसती हॅट उरली. मराठी कानाला हा शब्द प्रथम शापासारखा लागतो. आहे मात्र तो गौरव.

इंग्रजीला या शब्दाची गरज काय होती, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला पडावा असा आहे. 'हॅट' हा तिचा अगदी घरचा, जुन्या इंग्रजीपासूनचा शब्द. 'हॅट्स ऑफ' हा प्रयोगही तिच्याकडे तयार होता. तरीही तिने शापो घेतला, आणि तोही आज नव्हे. सोळाव्या शतकापासून तो इंग्रजीत आहे; कुलचिन्हांच्या परिभाषेत एका विशिष्ट मानाच्या टोपीला शापोच म्हणतात. अठराव्या शतकात तर काखेत बाळगण्याच्या तिकोनी शापोची टूम निघाली होती. डोक्यावर केसांचा टोप असल्यामुळे हॅट घालायची सोय नव्हती, म्हणून ती हातात घेऊन मिरवायची! वस्तूचा वापर संपला तरी तिचा मान कसा टिकून राहतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला आठवत नाही. आज लंडनच्या रस्त्यावर हॅट घालून फिरणारी माणसे मोजकीच असतील. 'हॅट्स ऑफ' हा प्रयोग वापरून वापरून गुळगुळीत झाला. काढायची हॅटच उरली नाही, तेव्हा परक्या भाषेतला शब्द किंचित मिश्कीलपणे, थोड्या ऐटीने पुढे आला आणि विझलेल्या हावभावात त्याने पुन्हा जीव घातला.

हा सारा विचार आमच्या डोक्यात आला तो मात्र सायकलींमुळे नव्हे, एका निबंधिकेमुळे. आम्ही दोघेही सोलापुरात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने बहिणाबाई चौधरींवर लिहिताना शेवट केला तो 'बहिणाबाईंना हॅट्स ऑफ!' असा. आम्ही लाल शाईने तो शब्द खोडला आणि समासात लिहिले, 'मराठीत लिहा.' दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. "मॅडम, मग काय लिहू?" 'मुजरा' लिही, असे उत्तर आम्ही सहज देऊन टाकले. ती म्हणाली, "मुलीने मुजरा लिहिला की वर्गात हसतात." मग 'सलाम'? "पाडगावकरांची कविता तुम्हीच शिकवलीत. त्यानंतर सलाम सरळ मनाने कसा लिहायचा?" वंदन, नमन? "ते देवाला, नाही तर पुढाऱ्याला. मला त्यांच्या पाया पडायचं नव्हतं. त्या भारी आहेत, एवढंच म्हणायचं होतं."

आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. एरवी आमची भूमिका सोपी असे: मराठीत शब्द असताना इंग्रजी का? पण तिला सुचवलेल्या शब्दांकडे पाहा. मुजरा आणि सलाम अरबीतून आलेले. शाबास म्हणजे फारसी 'शाद बाश', आनंदी राहा. वाहवा फारसीच. शुद्धतेच्या दुराग्रहाने पाहिले तर यांतला एकही घरचा नाही. तेव्हा इंग्रजी असणे हा 'हॅट्स ऑफ'चा दोष ठरू शकत नाही. वर्तमानपत्रे विजयाची 'हॅटट्रिक' रोज छापतात आणि आम्ही ती मुकाट्याने वाचतो. १८५८ मध्ये शेफील्ड येथे स्टीफनसन या गोलंदाजाने तीन चेंडूंत तीन गडी बाद केले, म्हणून वर्गणी काढून त्याला हॅट भेट दिली गेली, ही त्या शब्दामागची कथा किती वाचकांना ठाऊक असते?

अडचण असेल तर ती हावभावाची आहे. स्वतःच्या डोक्यावरचे उतरवून दुसऱ्याचा मान करणे ही आपली रीत नव्हे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर बोडक्याने जाणे हाच अवमान. उतरवायच्या त्या वहाणा. पागोटे उतरवून दुसऱ्याच्या पायावर ठेवायचे ते सर्वस्व हरल्यावर, दयेची याचना करताना. दुसऱ्याची टोपी उडवली तर ती चेष्टा. १९३० मध्ये मार्शल लॉ लागू झालेल्या सोलापुरात गांधीटोपी घालून रस्त्यावर येणे हे जोखमीचे काम होते, आणि ती न काढणे हाच बाणा होता. उलट मान द्यायचा तर आपण दुसऱ्याच्या डोक्यावर काही चढवतो. सत्काराला फेटा बांधतो. आमच्या जिल्ह्यात लग्नकार्यात पुरुषमाणसांना टॉवेल-टोपीचा आहेर होतो. टॉवेल अर्थात सोलापुरीच. आणि गंमत अशी की 'टोपी घालणे' याचाच दुसरा अर्थ फसवणे. शेजारच्या कन्नड गल्लीत 'टोपी हाकु' आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'टोपी पेट्टु' म्हणतात, तेही याच अर्थाने. एका शहरातल्या तीन भाषांचे या एका बाबतीत तरी एकमत आहे.

परदेशी माणसाची ओळखच आपल्या पूर्वजांनी टोपीवरून ठरवली होती. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त इंग्रज, फरासिस, वलंदेज या सगळ्यांना मिळून 'टोपीकर' म्हटले आहे. हॅट आणि शापो यांतला सूक्ष्म भेद अमात्यांच्या लेखी शून्य होता! त्या टोपीकरांनी पुढे आपली 'टोपी'ही इंग्रजीत नेली, पण ती उन्हापासून बचाव करणारी 'सोला टोपी' म्हणून. शोला या पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून ती बनत असे. इंग्रजांनी 'सोला'चे 'सोलर' करून तिचा संबंध थेट सूर्याशी जोडला. फ्रेंच टोपी इंग्रजीत गौरवाला गेली आणि आपली टोपी उन्हाला. शब्द उसने घेताना भाषा कोणाला दिवाणखान्यात बसवते आणि कोणाला ओसरीवर, तेही यातून दिसते.

पण मुलीच्या म्हणण्यात याहून खोल काही होते. हॅट काढणारा माणूस ताठ उभा असतो. किंचित मान लववतो, हॅट पुन्हा डोक्यावर ठेवतो आणि चालू लागतो. तो बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्याला दिलेला मान आहे (निदान आज त्याचा अर्थ तसा उरला आहे; एके काळी कोणी कोणापुढे हॅट काढायची याचेही दंडक तिकडे होतेच). आमच्या ग्रांथिक मराठीतले शब्द मात्र एक तर वर पाहतात, नाही तर खाली. मुजरा, दंडवत, वंदन हे वाकून. शाबास वडिलांनी धाकट्याला द्यायची. विद्यार्थिनीने बहिणाबाईंना शाबास म्हटले तर ते हास्यास्पद होईल. आणि हे योगायोगाने झालेले नाही. कोणी कोणाला कोणत्या शब्दाने अभिवादन करायचे, यावर या समाजाने कडक पहारा ठेवला होता. महारांनी जोहार घालायचा. सोनारांनी 'नमस्कार' म्हणू नये, असा ठराव १७७९ मध्ये पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने केला होता. 'जय भीम' हे अभिवादन का घडवावे लागले, याचे उत्तर या इतिहासात आहे. त्यात वाकणे नाही, आणि दोन्ही बाजूंनी शब्द तोच.

मग मराठीत बरोबरीचा गौरव नाहीच का? आहे. आमच्यापैकी दुसऱ्याला तो चहाच्या टपरीवर ऐकू आला. रिक्षाच्या इंजिनातला बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या मेस्त्रीला एक रिक्षावाला म्हणत होता, "मानलं बुवा तुला!" मानलं. शापोइतकाच आखूड, कोणापुढे न झुकणारा, आणि मनापासूनचा. त्यात 'मान' आहेच, शिवाय कबुलीही आहे: मला आधी शंका होती, आता नाही. ही छटा इंग्रजीला आणि फ्रेंचलाही हॅटमधून काढता येत नाही.

हा शब्द त्या मुलीला ठाऊक नव्हता असे नाही. घरी, मैत्रिणींत ती तो दिवसातून दहा वेळा वापरत असेल. निबंधिकेत तो लिहायचा नसतो हे तिला शिकवले कोणी? बोलभाषेचे शब्द टाळावेत, अशा सूचना देत आम्हीच. 'मानलं' आम्ही वर्गाबाहेर काढला. रिकाम्या जागी 'हॅट्स ऑफ' येऊन बसला, आणि मग आम्ही इंग्रजीच्या आक्रमणावर परिसंवाद भरवले. ज्या कवयित्रीने बोलीतच सारे रचले, तिच्याविषयी लिहितानाही बोलीतला शब्द चालत नाही, यातली विसंगती तर आम्हांला लाल शाई हाती असताना जाणवलीही नव्हती.

वही पुन्हा मागवून घेतली. समासातली सूचना खोडून तिथे 'मानलं चालेल' असे लिहिले. विद्यार्थिनीने वाचले, हसली आणि विचारले, "परीक्षेतसुद्धा?" उत्तरपत्रिका दुसऱ्या महाविद्यालयातले परीक्षक तपासतात. त्यांच्या वतीने शब्द देणे आमच्या हातात नव्हते.