कामठा आणि कायदा

पावसाळ्यात पापडीच्या आठवडी बाजारात तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणारा माल पाहिला, म्हणजे बांबूच्या कामातले कौशल्य आपल्या तालुक्यातून अद्याप लोपलेले नाही अशी खात्री पटते. टाकळा आणि कंटोळी यांच्या राशींशेजारी सुपे नि टोपल्या मांडलेल्या असतात, आणि त्यांच्या कडा ज्या सफाईने वळवलेल्या असतात ती सफाई यंत्राला सहसा साधत नाही. त्याच हातांची, त्याच कोयत्याची आणि बहुधा त्याच बेटातल्या बांबूची आणखी एक निर्मिती मात्र या बाजारात कधी येत नाही, आणि ती म्हणजे तीरकामठा. धनुष्यबाण म्हटले की आजच्या वाचकास प्रथम निवडणूक आयोग आठवावा, इतक्या भिंतींवर तो रंगवून झाला आहे. परंतु येथे ज्याची वकिली करावयाची आहे तो कामठा चिन्हाचा नसून लाकडाचा आहे, आणि तो करण्याची विद्या जाणणारी माणसे आज वृद्ध झाली आहेत.

ही विद्या सामान्य नव्हे. वाकलेल्या धनुष्याची नेमबाजापासून दूर असलेली, म्हणजे पाठीची, बाजू ताणली जाते आणि त्याच्याकडची, म्हणजे पोटाची, बाजू दाबली जाते, आणि लाकडाचे तंतू जोवर अखंड आहेत तोवरच हा ताण सोसतात. म्हणून पाठीवर कोयत्याचा एकही घाव पडू द्यावयाचा नाही, साल तेवढी अलगद सोडवावयाची, आणि जे काही तासावयाचे ते सर्व पोटाकडून, असा या कामाचा पहिला दंडक आहे. मोठ्या ओंडक्यातून धनुष्य काढणाऱ्याला एकच वलय शेवटपर्यंत शोधत जावे लागते. उलट मनगटाएवढ्या जाडीच्या, सरळ वाढलेल्या, गाठी व फांद्या नसलेल्या कोवळ्या झाडाची पाठ निसर्गानेच घडवून ठेवलेली असते, आणि कारागिराचे काम तिला न बिघडवण्यापुरते उरते. तोड करावयाची ती पावसाळा सरून झाडातला रस उतरल्यावर. ओले लाकूड वाकते खरे, पण वाकल्यावर वाकलेलेच राहते, त्यात उसळी नसते. उन्हात टाकावे तर त्याला चिरा पडतात. तेव्हा दोन्ही टोके मेणाने बंद करून ते सावलीत सावकाश वाळू द्यावे लागते.

यानंतरचा भाग शब्दांनी शिकवता येत नाही. मुठीची जागा जाड राखून दोन्ही बाहू टोकांकडे निमुळते करत न्यावयाचे, दोरी सैल बांधून थोडीशी ओढावयाची, कमान दोन्हीकडे सारखी उतरते की नाही ते निरखावयाचे, जो बाहू ताठ राहतो त्याच्या पोटाचा पातळ पापुद्रा खरवडावयाचा, आणि पुन्हा दोरी ओढून पाहावयाची. उतावळ्या माणसाने एकाच जागी अधिक खरवडले की तेथे बिजागरीसारखा मोड येतो, आणि मग त्या काठीचा उपयोग चुलीत.

सह्याद्रीच्या पानझडी रानात वाढणारी धामण या कामासाठी प्राचीन काळापासून नावाजलेली आहे. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडीच्या काठ्या जिच्यापासून होतात तीच ही धामण, आणि आयुर्वेदीय निघंटूंत तिचे एक नाव धनुर्वृक्ष असे आहे. आमच्या ठाणे-पालघरच्या पट्ट्यात मात्र कामठा बहुधा बांबूचाच, आणि बांबूचा न्याय झाडाच्या उलट: येथे कोवळा कोंब कामाचा नाही, तीन-चार पावसाळे पाहिलेला पक्का बांबू हवा, कारण त्याच्या कठीण सालीलगतच तंतूंची दाटी असते. सातपुड्यातील भिल्लांच्या कामठ्याला तर दोरीही बांबूच्याच सालीची असते. हा प्रकार रानटी किंवा तात्पुरता समजणाऱ्यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आयुधागाराचे प्रकरण अवश्य पाहावे. धनुष्यासाठी ताड, वेळू, लाकूड आणि शिंग, व दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू अशी तेथील यादी आहे, आणि एका साम्राज्याच्या शस्त्रागाराने दप्तरी नोंदलेली वेळूची दोरी आजही एखाद्या पाड्यावर वळली जात असेल, तर तो वारसा कोणत्याही ताम्रपटाहून कमी मोलाचा मानता येणार नाही.

आता कायद्याकडे वळू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शस्त्राची जी व्याख्या आहे तीत बंदूक, स्फोटके, विष आणि सापळे यांच्या पंक्तीला धनुष्यबाण स्पष्ट शब्दांत बसवलेले आहेत, आणि त्याच अधिनियमाच्या ३१ व्या कलमान्वये मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. तेव्हापासून त्याच्या कुशीतल्या पाड्यावरच्या माणसाने कामठा खांद्याला लावून पिढ्यानपिढ्यांची वाट धरणे हा, शिकारीचा विचारही त्याच्या मनात नसला तरी, अपराध ठरू शकतो. शिकारबंदी योग्यच आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. आमच्या डोंगरांत आधीच थोडे उरलेले भेकर आणि रानडुक्कर कोणाच्या परंपरेखातर मारले जावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न आहे तो शिकार आणि शिल्प यांची फारकत करण्याचा.

नवलाची गोष्ट अशी की ही फारकत दुसऱ्या एका कायद्याने आधीच करून ठेवली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे तिसरे कलम वननिवासींना बांबूसह गौण वनोपजावर हक्क देते, जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य करते, आणि इतर रूढ हक्कांना मान्यता देताना वन्य प्राण्यांची शिकार तेवढी वगळते. बांबू तोडण्याचा हक्क आहे, तो घडवण्याच्या ज्ञानाचा हक्क आहे, प्राणी मारण्याचा हक्क नाही: इतका स्वच्छ निवाडा सरकारदप्तरात असताना अंमलदार मंडळी केवळ १९७२ चेच पुस्तक उघडून बसली, तर तो दोष कायद्याचा म्हणता येणार नाही.

मोकळीक दिली तर चोरटी शिकार वाढेल, अशी हरकत घेतली जाईल. ती खोटी नाही, पण दुबळी आहे. चोरट्या शिकाऱ्याला तारेचा फास आणि बंदूक उपलब्ध असताना वर्षभर लाकूड वाळवून कमान खरवडत बसण्याची त्याला गरज काय?

दुसरीकडे पाहावे तर याच धनुर्विद्येचे कौतुक करण्यात आपण कुठे कमी पडत नाही. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि तिच्यातील धनुर्धारी शिकारी शहरातल्या दिवाणखान्यांत पोहोचला. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी कंपाउंड प्रकारात विश्वविजेतेपद पटकावले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांचा यथोचित गौरव केला. मात्र त्या धनुष्यांची किंमत लाखांच्या घरात जाते, आणि जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेतला मुलगा तिथवर पोहोचण्याची वाट बांबूच्या धनुष्यावरूनच जाते. राजस्थानातील आदिवासी घराण्यातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर हात बसवूनच पुढे आला आणि १९८८ पासून सलग तीन ऑलिंपिकांत देशासाठी खेळला. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतही ‘इंडियन राउंड’ हा प्रकार लाकूड-बांबूच्या धनुष्यानेच खेळला जातो. दक्षिण कोरियाने तर धनुष्य-बाण घडवणाऱ्या कारागिरांच्या कलेला १९७१ सालीच राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. तिथल्या तिरंदाजांनी पुढे ऑलिंपिकमध्ये काय केले ते सर्वश्रुत आहे. केवळ जुन्या कारागिरांच्या सन्मानामुळे पदके मिळाली असा भाबडा दावा करण्याचे कारण नाही, पण त्या सन्मानामुळे त्यांचे काही बिघडलेही नाही.

तेव्हा तजवीज फार मोठी नको. पालघर जिल्ह्यातील आश्रमशाळांत कामठा घडवू शकणाऱ्या जाणत्यांना मानधनावर बोलवावे, शिक्षकाच्या पदवीचा दाखला त्यांच्याकडे मागू नये; ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात धामणीच्या लागवडीसाठी थोडी जागा राखावी, कारण धामण तोडल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटते आणि एका झाडातून पुढे अनेक काठ्या मिळू शकतात; आणि वनखात्याने शाळेच्या शिक्क्यानिशी नोंदलेल्या कामठ्यांना सरावाच्या मैदानापुरता सरसकट परवाना द्यावा. अडचण एवढीच, की या कामाचे वेळापत्रक झाडाने ठरवलेले आहे. तोडीचा हंगाम दिवाळीनंतरचा. प्रस्ताव जिल्हाधिकारी कचेरीतून आदिवासी विकास खात्याकडे, तेथून वनखात्याकडे आणि अभिप्रायासाठी पुन्हा खाली असा फिरत राहिला, आणि मंजुरी फाल्गुन-चैत्रात हाती पडली, तर तोवर धामणीला पालवी फुटलेली असेल आणि पहिली तुकडी पुढच्या वर्षावर ढकलावी लागेल. म्हणून कागद हलवायचे असतील तर ते भाद्रपदातच हलवावेत.